प्रयोग संपला, उरले त्याचे काय?

रसायनशास्त्राच्या तासाचे एक नेहमीचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. परीक्षानळीतील लेड नायट्रेटच्या द्रावणात तुम्ही पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. पाहता पाहता पिवळाधमक साका तयार झाला आणि तळाशी बसला. तुम्ही वहीत निरीक्षण लिहिले, बाईंनी सही केली आणि घंटा झाली. आता सगळा वर्ग बेसिनकडे धावतो. परीक्षानळी उलटी केली, नळ सोडला, दोनदा खळखळून नळी स्टँडवर पालथी घातली. पिवळा साका बेसिनच्या भोकातून गडप झाला. प्रयोग संपला!

खरेच संपला का?

त्याच वहीत चार पाने मागे उलटून पाहा. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही सुवाच्य अक्षरात लिहिलेला असेल: रासायनिक क्रियेत द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. परीक्षेत या नियमाला दोन गुण मिळतात. पण नळ सोडताना आपण तो साफ विसरतो. साक्यातील शिसे नाहीसे झालेले नाही. ते फक्त आपल्या नजरेआड झाले आहे. नजरेआड झालेल्या या वस्तूंचे पुढे काय होते आणि काय व्हायला हवे, ते आज पाहू या.

भोकापलीकडचा प्रवास

बेसिनच्या भोकाखाली एक वाकडा नळ असतो. तेथून पाणी मोठ्या नळात जाते, मग गटारात, शोषखड्ड्यात किंवा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात आणि शेवटी नदीनाल्यात. शुद्धीकरण केंद्रातील कामकरी म्हणजे अब्जावधी जिवाणू. साखर, पिष्ट, साबण असल्या पदार्थांचा ते फडशा पाडतात. पण शिसे, पारा, क्रोमियम, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. मूलद्रव्याचे आणखी तुकडे करून ते पचवणे कोणत्याही जिवाणूला शक्य नाही. ही मूलद्रव्ये गाळात साचतात, पाण्याबरोबर वाहतात, शेतात उतरतात. शिवाय ती जास्त झाली, तर ते गरीब बिचारे कामकरी जिवाणूच मरतात!

“एवढ्याशा द्रावणाने काय होणार?” असे तुम्ही म्हणाल. जपानमधील मिनामाता या गावची हकीकत ऐका. क्यूशू बेटावरील या किनाऱ्याच्या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. तेथे १९३२ सालापासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होत असे आणि त्या क्रियेत पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. उरलेले पाणी सरळ समुद्रात सोडले जात असे. समुद्र केवढा मोठा, त्यात थोडासा पारा कोणाला दिसणार? पण सूक्ष्म जीवांनी तो पारा घेतला, त्यांना लहान माशांनी खाल्ले, लहान माशांना मोठ्या माशांनी खाल्ले. प्रत्येक पायरीवर तो अधिकाधिक साठत गेला. पुढे गावातील मांजरे झटके येऊन नाचल्यासारखी करू लागली आणि मरू लागली. मग माणसांची पाळी आली. हातपाय कापू लागले, बोलणे अडखळू लागले, दृष्टी अधू झाली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली, पण पारा सोडणे थांबायला १९६८ साल उजाडले. आईच्या पोटात असतानाच ज्यांना पारा बाधला, अशी मुले जन्मभर अपंग राहिली. या गावाच्या नावानेच पाऱ्याचा वापर कमी करण्याचा जागतिक करार २०१३ साली झाला. तो २०१७ पासून अमलात आला असून भारतही त्यात सामील आहे.

एक कारखाना आणि एक शाळा यांची बरोबरी नाही, हे खरे. पण शाळा एक नसते. गावोगाव शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा आहेत. प्रत्येकाने “एवढेसे” सोडले की त्याचे “केवढेसे” होते, याचा हिशेब तुम्हीच करा.

‘मग पुरून टाकू’ असे कोणी सुचवील. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात तेही करून झाले आहे. ‘लव्ह कॅनॉल’ नावाच्या एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात एका रासायनिक कंपनीने सुमारे २१,००० टन टाकाऊ रसायने पुरली. वर माती लोटली आणि ती जागा अवघ्या १ डॉलरला शिक्षणमंडळाला देऊन टाकली. तेथे चक्क शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली! पुढे रसायने झिरपत वर आली, घरांच्या तळघरांत शिरली. १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. मातीने फक्त झाकले होते, संपवले नव्हते.

माझ्या हातून घडलेली चूक

आता जरा घरची गोष्ट सांगतो. मी महाविद्यालयात शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेत एका कपाटात ‘टाकाऊ’ एवढीच चिठ्ठी लावलेली एक मोठी काचेची बाटली असे. काही उरले की त्यात ओतायचे, एवढेच आम्हांला ठाऊक. एके संध्याकाळी आवराआवर करताना माझ्याकडे थोडे संहत नायट्रिक आम्ल उरले होते. मी ते त्या बाटलीत ओतले, बूच घट्ट बसवले, कपाट लावले आणि आपण किती टापटिपीचे, अशा समाधानात घरी गेलो.

सकाळी येऊन पाहतो तो प्रयोगशाळेत तिखट वास कोंदलेला. बाटली रात्री फुटली होती. काचेचे तुकडे कपाटाच्या लाकडी दारात आतून रुतून बसले होते. त्या दाराला लागूनच आमच्या प्रयोगशाळा-सेवकांचे स्टूल असे. त्यांना आम्ही सगळे ‘मामा’ म्हणत असू. रोज सकाळी कुलूप उघडले की मामा त्याच स्टुलावर बसून चहा घेत.

झाले होते असे. बाटलीत आधीच कोणी तरी स्पिरिट ओतलेले होते. नायट्रिक आम्ल हे जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे. अल्कोहोल, ॲसिटोन अशा जळाऊ विद्रावकांशी त्याची गाठ पडली की उष्णता निर्माण होते आणि नायट्रोजनची तपकिरी, विषारी ऑक्साइडे बाहेर पडतात. गंमत म्हणजे (खरे तर गंमत नव्हे, धोका) ही क्रिया कधी कधी लगेच जाणवत नाही. ओतताना सारे शांत असते. मग द्रव हळूहळू तापत जातो, तापल्यामुळे क्रिया आणखी वेग घेते आणि बूच घट्ट असेल, तर वायूला वाट मिळत नाही. पुढचे सांगायला नकोच.

मामा रागावले नाहीत. काचा वेचता वेचता एवढेच म्हणाले, “पोरा, तू काय ओतलंस ते तुला तरी ठाऊक होतं. मला कोण सांगणार होतं?”

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. टाकाऊ रसायनांच्या सुरक्षिततेचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आहे. वस्तू ज्याने टाकली तो निघून जातो आणि ती हाताळायला येतो दुसराच कोणी तरी. मोरी साफ करणारा, नळ दुरुस्त करणारा, कचरा उचलणारा. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत असेच घडले. रक्ततपासणीच्या यंत्रांतून सोडियम ॲझाइड असलेले द्रावण बेसिनमध्ये जात असे. नळ होते तांब्याचे आणि शिशाचे. त्यांच्याशी संयोग होऊन नळाच्या आत या धातूंची ॲझाइडे साचली आणि ती अत्यंत स्फोटक असतात. धोका होता तो ते द्रावण ओतणाऱ्याला नव्हे, तर पुढे कधी तरी तुंबलेला नळ उघडायला येणाऱ्या कारागिराला.

कोणाचे कोणाशी जमत नाही?

म्हणून पहिला नियम: सगळ्यांसाठी एकच बाटली, हे कधीही नको. रसायनांत मित्र असतात तसे शत्रूही असतात. काही जोड्या लक्षात ठेवा.

१) नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल, ॲसिटोन यांसारखे जळाऊ विद्रावक. यांची कथा वर आलीच आहे.

२) आम्ल आणि सल्फाइडे. यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्यांचा त्याचा वास तुमच्या ओळखीचा असेल. पण वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही.

३) आम्ल आणि विरंजक चूर्ण. यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ही जोडी तुमच्या घरच्या न्हाणीघरातही असते बरे का! फरशी घासायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदम कधीही वापरू नका. आईलाही आजच सांगा.

४) पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन. काडी न ओढताच पेट घेणारी ही जोडी.

५) आम्ल आणि सोडा. ही जोडी तशी उपयोगाची, कारण दोघे एकमेकांना उदासीन करतात. पण कार्बन डायऑक्साइड वायू भराभर निघत असताना बूच लावले, तर बाटली फुटलीच म्हणून समजा.

याच कारणासाठी कपाटातील बाटल्या केवळ अकारविल्हे लावून चालत नाही. रांग दिसायला छान दिसते. पण त्यात शत्रू शेजारी येऊन बसतात. आम्ले, अल्कली, जळाऊ द्रव आणि ऑक्सिडीकारके यांची बिऱ्हाडे वेगवेगळी हवीत. जड बाटल्या आणि आम्ले डोळ्यांच्या उंचीपेक्षा खाली असावीत. बाटलीखाली पसरट तसराळे ठेवले, तर ती गळाली तरी द्रव पसरत नाही.

बाटलीचा पोशाख

प्रयोगशाळेत टाकाऊ द्रवांसाठी निदान चार बाटल्या ठेवाव्यात: आम्लांची, अल्कलींची, शिसे, क्रोमियम यांसारख्या जड धातूंच्या द्रावणांची आणि विद्रावकांची. चांदीची पाचवी, तिचे कारण पुढे येईल. फुटक्या काचांचा डबा निराळा आणि पाऱ्याची बरणी तर अगदी स्वतंत्र.

बाटली पदार्थाला मानवणारी हवी. सोडियम हायड्रॉक्साइड काचेला खाते. काचेचे बूच लावले तर ते असे चिकटते की निघता निघत नाही. म्हणून त्याला प्लॅस्टिकची बाटली किंवा रबरी बूच. बाटली काठोकाठ भरू नये, वर मोकळी जागा ठेवावी. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो, हे तर तुम्ही शिकलाच आहात. आणि सरबताच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रसायन कधी म्हणजे कधीही भरू नये. तहानलेला माणूस चिठ्ठी वाचत बसत नाही.

चिठ्ठीवर काय लिहावे? पदार्थाचे पूर्ण नाव, नुसते सूत्र नव्हे, कारण मामांना सूत्र वाचता येत नाही. द्रावण किती तीव्र आहे ते. बाटली भरायला सुरुवात केल्याची तारीख. आणि धोका कोणता: जळणारे, खाणारे की विषारी. अक्षर न पुसणाऱ्या शाईचे असावे. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, ती प्रयोगशाळेतील सर्वांत धोकादायक बाटली होय. तिच्यात काय आहे हे ठरवायला तज्ज्ञांनाही घाम फुटतो.

तारीख का हवी?

काही रसायने जुनी होता होता स्वभाव बदलतात. ईथरची बाटली एकदा उघडली की हवा आणि प्रकाश यांमुळे त्यात हळूहळू पेरॉक्साइडे तयार होतात. बाटलीत थोडे ईथर उरले आणि ते उडून गेले, तर तळाशी ही स्फोटक पेरॉक्साइडे राहतात. म्हणून ईथर तपकिरी बाटलीत ठेवतात आणि उघडल्याची तारीख लिहून ठराविक मुदतीत संपवतात. पिक्रिक आम्ल ओले असते तोवर शांत असते. वाळले की स्फोटक. जुन्या कपाटात त्याची वाळलेली बाटली आढळली, तर तिचे बूच फिरवूनही पाहू नये. हात न लावता सरांना सांगावे आणि त्यांनी तज्ज्ञांना बोलवावे.

बारावीत तुम्ही टॉलेन्सच्या द्रावणाने परीक्षानळीच्या आत चांदीचा सुंदर आरसा तयार कराल. हे द्रावण ऐन वेळी, हवे तेवढेच करतात. “उद्याच्या तुकडीला होईल” म्हणून ते ठेवून दिले, तर त्यात चांदीचे एक महास्फोटक संयुग तयार होऊ शकते. म्हणून प्रयोग होताच त्यात विरल आम्ल घालून ते निकामी करतात आणि मग चांदीच्या बाटलीत टाकतात.

पाऱ्याची गोष्ट

थर्मामीटर फुटला की चमकदार गोळ्यांशी खेळायचा मोह होतो. तो आवरा. आल्फ्रेड स्टॉक हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे पाऱ्याची उपकरणे वापरत असत. डोकेदुखी, विसराळूपणा, थकवा यांनी ते हैराण झाले होते. हे सारे प्रयोगशाळेच्या हवेतील पाऱ्याच्या वाफेमुळे होते, हे त्यांना १९२४ साली उमगले. १९२६ साली त्यांनी स्वतःचीच कहाणी प्रसिद्ध करून जगभरच्या शास्त्रज्ञांना सावध केले. फटीत दडलेला पारा दिसत नाही. पण नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ होतच असते.

पारा सांडला तर खिडक्या उघडाव्यात आणि सरांना सांगावे. केरसुणी लावू नये, कारण एका गोळीच्या शंभर गोळ्या होतात. जाड कागदाच्या कडेने गोळ्या एकत्र आणून घट्ट झाकणाच्या बरणीत, पाण्याखाली ठेवतात. आता शाळांनी पाऱ्याऐवजी रंगीत अल्कोहोलचे थर्मामीटर वापरावेत, हे सर्वांत उत्तम.

बाटल्या भरल्या, पुढे?

प्रत्येक पदार्थाची वाट निराळी आहे. विरल आम्ल आणि विरल अल्कली यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली एकमेकांनी उदासीन करून, लिटमसने तपासून, भरपूर पाण्याबरोबर बेसिनमध्ये सोडता येते, कारण शेवटी उरते ते साधे मीठ. मात्र त्यात विषारी धातू नसावेत. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळे टाकून ठेवले, तर तांबे खिळ्यांवर जमते आणि द्रावणाचा निळा रंग उतरतो. हा तर तुमचा पाठ्यपुस्तकातील विस्थापनाचा प्रयोग! नारिंगी डायक्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारे असते. त्याचे क्षपण करून ते हिरव्या, कमी घातक रूपात आणतात आणि अल्कलीने त्याचा साका पाडतात. ही कामे शिक्षकांनीच करायची; तुम्ही पाहायचे.

उरलेले साके आणि विद्रावक मात्र खास केंद्रांकडे जातात. आपल्याकडे घातक कचऱ्याविषयीचे नियम १९८९ साली झाले, २०१६ साली ते नव्याने आले. असा कचरा जेथे निर्माण होतो तेथे साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, असे ते सांगतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी सामाईक केंद्रे आहेत. तेथे जळाऊ कचरा भट्टीत जाळतात. तिच्या दुसऱ्या कक्षात तापमान १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर ठेवतात, म्हणजे अर्धवट जळून नवी विषे तयार होत नाहीत. न जळणारे साके चुना किंवा सिमेंट यांनी बांधून घट्ट करतात आणि चिकणमाती व जाड प्लॅस्टिक यांचे थर दिलेल्या खड्ड्यात पुरतात. तळाशी झिरपणारे पाणी गोळा करायला नळ असतात. लव्ह कॅनॉलचा धडा असा गिरवला गेला आहे.

कचऱ्यातील चांदी

आता चांदीच्या बाटलीचे गुपित. समजा, ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने सिल्व्हर नायट्रेटचे दशांश मोलर द्रावण ५ मिलिलिटर वापरले. एकूण २०० मिलिलिटर झाले. अशा १ लिटर द्रावणात सुमारे १०.८ ग्रॅम चांदी असते; म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये सुमारे २.१६ ग्रॅम. चार तुकड्या धरल्या तर ८.६४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाऊण तोळा चांदी! ती आपण एका आठवड्यात बेसिनमध्ये ओतून मोकळे होतो. तीच बाटलीत साठवली, मिठाचे पाणी घालून पांढरा साका पाडला आणि पुढे जस्त व विरल सल्फ्युरिक आम्ल यांनी त्याचे क्षपण केले, तर चांदी परत मिळते. कचरा म्हणजे चुकीच्या जागी पडलेली वस्तू, हे येथे अगदी पटते.

आणि सगळ्यांत सोपा उपाय? कचरा मुळातच कमी करणे. ५ मिलिलिटरऐवजी ५ थेंबांत प्रयोग केला तरी पिवळा साका तेवढाच पिवळा दिसतो. पांढऱ्या टाइलवर थेंबाशेजारी थेंब ठेवूनही कित्येक प्रयोग होतात. याला सूक्ष्मप्रमाण रसायनशास्त्र म्हणतात. खर्च कमी, वेळ कमी, धोका कमी.

एवढे कराच

पुढच्या आठवड्यात एक प्रयोग करा. बेसिनशेजारी एक वही लटकवा. जो कोणी बेसिनमध्ये काही ओतील, त्याने पदार्थाचे नाव आणि अंदाजे प्रमाण लिहावे. शनिवारी बेरीज करा आणि सरांना दाखवा. मग चार बाटल्या मागा आणि त्यांच्या चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात, सोप्या मराठीत लिहा. लिहून झाल्यावर तुमच्या शाळेतील मामांना त्या वाचून दाखवायला सांगा. त्यांना कळले, तर तुमची चिठ्ठी उत्तीर्ण झाली. नाही कळले, तर पुन्हा लिहा.

प्रयोग घंटेने संपत नाही. शेवटच्या थेंबाची सोय लागली आणि तो उचलणारा माणूस सुखरूप घरी गेला, की मग तो संपतो.